आजीची गोधडी धुवायला टाकू का?

प्रश्न: सासूबाई सहा महिने आमच्याकडे टोरांटोला राहून पुण्याला परत गेल्या. तेव्हापासून अडीच वर्षांची लेक रात्री झोपत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर फोन ठेवल्यावर जास्तच रडते. त्यांची गोधडी मात्र सोडत नाही. ती फार मळली आहे. धुऊ का?

उत्तर: इतक्यात नको.

फोनवर आजी दिसते, बोलते. पण तिचा वास येत नाही की पाठीवर हात फिरत नाही. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातात. वास मात्र ते ठाणं चुकवून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत थेट पोचतो. त्या गोधडीत खोबरेल, बाम आणि जुन्या लुगड्याचा वास मुरलाय. लेकीला तोच हवाय. डाग पडला असेल तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसा. पुढे धुवावीच लागली तर बिनवासाचा साबण घ्या, ड्रायरमधले सुगंधी कागद नकोत. पुण्याहून कुणी येणार असेल तर सासूबाईंनी नेसलेलं एखादं सुती पातळ न धुता मागवून घ्या. (घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या पाळण्यात मात्र यातलं काहीही ठेवू नका.)

आता हाताचं. पाठीच्या, दंडाच्या कातडीत काही नसा अशा असतात, की त्यांना सावकाश कुरवाळणंच भावतं. वेग सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर. दिवसभराच्या धावपळीनंतर आपला हात भराभर चालतो आणि दुसऱ्या हातात फोन असतो, खरं ना? खोबरेल थोडं लावलंत तर हात आपोआप मंदावतो. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून वाटी आधी कोमट पाण्यात ठेवा.

कॉल बंद करू नका, फक्त दिवा मालवून नुसता आवाज ठेवा. चेहरा दिसला की पोर आजीला शोधायला उठते. तुमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. सासूबाई बहुधा उठलेल्याच असतील. त्या अंगाई म्हणतील, तुम्ही पाठीवरून हात फिरवा. थोड्या दिवसांनी तुमच्या हातानेही तिला झोप लागायला लागेल.

आणि लेकीचा एखादा न धुतलेला फ्रॉक पुण्याला पाठवा. सहा महिने नातीला कुशीत घेऊन झोपलेल्या बाईची झोपही उडालेली असणार. त्या आपणहून सांगायच्या नाहीत, तुम्हीच विचारा.