मूल वरून ठणठणीत असेल तर शिशाचा परिणाम वेळीच कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी आहे, मुलगी 3 वर्षांची, खेळते-खाते, तरी आत काही बिघडत असेल तर लवकर कसं कळेल?

लक्षणांची वाट बघू नका. पोटात कळा, उलट्या, फिट येणं, हिरड्यांवरची निळसर रेघ हे सगळं फार उशिराचं. लक्ष न लागणं, चिडचिड, उशिरा बोलणं हे आधी होऊ शकतं, पण त्याला इतर पन्नास कारणं असतात. त्यामुळे रक्तातलं शिसं मोजणं, म्हणजे ‘ब्लड लेड’, हाच खरा मार्ग. केसांची तपासणी कोणी सुचवली तर पैसे वाचवा. भट्टीजवळच्या केसांवर बाहेरची धूळच बसलेली असते.

खरी गडबड रक्त घेताना होते. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ उतरते आणि आकडा फुगतो. स्पिरिटच्या बोळ्याने शिसं निघत नाही; हात साबण-पाण्याने धुऊन, कोरडे करूनच टोचायला हवं. त्यापेक्षा सरळ नसेतून रक्त द्या. शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं, म्हणून ‘सीरम’ (पेशी काढून उरलेलं पाणी) चालत नाही, अख्खं रक्तच लागतं. ट्यूब ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची), शक्यतो सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठी असते ती गडद निळ्या झाकणाची. रक्त घेतल्यावर ती 8-10 वेळा अलगद उलटसुलट करायला सांगा. गुठळी झाली की नमुना बाद.

रिपोर्टमध्ये आधी एकक बघा, आकडा नंतर. डेसिलीटरला 5 मायक्रोग्रॅम आणि लिटरला 50 मायक्रोग्रॅम हे एकच. केवळ ‘50’ वाचून घरात रडारड नको. पुढचे सगळे आकडे डेसिलीटरला मायक्रोग्रॅममध्ये आहेत. 5 किंवा त्याहून जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते; अमेरिकेत त्याच वर्षी ही रेषा 3.5 वर आणली. या रेषेखाली म्हणजे सुरक्षित, असं मात्र नाही. 45 किंवा वर आकडा आला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना गाठा. शिसं बाहेर काढायची औषधं साधारण तिथून पुढे देतात, तीही मुलीला त्या धुळीतून हलवल्यावरच.

‘झिंक प्रोटोपॉर्फिरिन’ ही तपासणी शिशामुळे हिमोग्लोबिन बनण्यात आलेला अडथळा दाखवते. पण रक्तातल्या शिशाचा आकडा 25च्या आसपास पोचेपर्यंत ती फारशी हलत नाही, आणि लोहाच्या कमतरतेतही वाढते. देशातली 5 वर्षांखालची जवळपास 67 टक्के मुलं रक्तक्षयी असताना तिच्या एकटीच्या जोरावर निष्कर्ष काढणं माझ्या मते चूकच. त्याऐवजी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) सोबत करून घ्या. लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, म्हणून ती कमतरता भरून काढणं हाही उपचारच.

सगळं खापर भट्टीवर फोडण्याआधी घरातही बघा: भेसळीच्या कथलाने कल्हई केलेली पितळी भांडी, भडक पिवळी सुटी हळद, काजळ-सुरमा, जुना सोलणारा ऑइलपेंट. घरातलं कोणी भट्टीवर कामाला असेल तर कपडे-चपला बाहेरच, आणि अंघोळ करूनच मुलीला उचलायचं. झाडू मारू नका, त्याने धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा.

आकडा 10 ते 19 आला तर 1 ते 3 महिन्यांत पुन्हा नसेतून तपासा. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो, हाडातलं वर्षानुवर्षं झिरपत राहतं. त्यामुळे घर स्वच्छ करूनही आकडा हळूच उतरेल. आणि सुट्टीत महिनाभर गावी राहून आल्या आल्या रक्त दिलंत तर तो कमी दिसेल, तेव्हा डॉक्टरांना ती तारीख आवर्जून सांगा.