सहा वर्षांची मुलगी 'सदतीस' म्हटलं की 73 लिहिते. घरी गणित कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पहिलीत आहे, इंग्रजी माध्यमात. शंभरपर्यंत घडाघडा म्हणते, पण तुम्ही सदतीस म्हटलं की 73 लिहिते, आणि 37 मोठे की 73 असं विचारलं की तुमच्या तोंडाकडे बघत बसते. घणसोलीत घराजवळ तीन क्लास आहेत, त्यातला कुठला लावू, असंही विचारलंय.

सध्या एकही लावू नका. मी शिक्षक नाही, आधीच सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याचं स्टोअर सांभाळतो, म्हणजे दिवसभर नट-बोल्ट मोजणं हाच धंदा. तरी स्वतःच्या मुलीला मोजायला शिकवताना चांगली माती खाल्ली.

ती आता आठवीत आहे. पहिलीत असताना डिट्टो हेच करायची. रात्री जेवणं झाली की मी तिला वही घेऊन बसवायचो आणि 'सदतीस पाच वेळा लिही' म्हणायचो. ती इमानेइतबारे पाच वेळा 73 लिहायची. मग माझा आवाज चढायचा, तिचे डोळे भरायचे आणि आतून आई ओरडायची, "अरे, शिकवतोयस की दम देतोयस?"

चूक पोरीची नव्हतीच. सदतीस हा शब्द कान देऊन ऐका. सात आधी येतात, तीस नंतर. तिने जे ऐकलं ते त्याच क्रमाने कागदावर उतरवलं. तुमच्याकडे तर आणखी गंमत आहे. शाळेत मॅडम थर्टी-सेव्हन म्हणणार, तिथे तीस आधी. खाली भाजीवाला भैया सैंतीस म्हणणार, पुन्हा सात आधी. एका आकड्याची तीन नावं, त्यात क्रम उलटसुलट. मोठ्या माणसाचीही भंबेरी उडेल.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? आदल्याच वर्षी घरात हा गोंधळ भोगूनही मी व्हॉट्सॲपवर चेष्टेचे मेसेज पुढे ढकलत होतो. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरांची ही नावं लहान मुलांना जड जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. जुनी नावंही पुस्तकात होतीच, पण तेवढं वाचायला वेळ कोणाला होता! आज मला त्यांचं पटतं, फक्त जुनी नावं सुटू नयेत असंही वाटतं. आजी पंचाहत्तर म्हणाली तर नातीला कळायला नको का? तेव्हा काही दिवस 'तीस आणि सात, सदतीस' असं जोडीने म्हणा. पुढे पहिला भाग आपोआप गळतो.

आमच्याकडे गाडी रुळावर आली ती वालांमुळे. एका रविवारी आई मोड आलेले वाल सोलत बसली होती आणि पोरगी शेजारी. आईने तिला काम दिलं, दहा डाळिंब्या झाल्या की त्यांचा एक ढीग लाव. ताटात तीन ढीग झाले आणि सात डाळिंब्या उरल्या. आई म्हणाली, "हे बघ, सदतीस. बोलताना सुटे आधी, लिहिताना ढीग आधी." मी दोन महिने घसा कोरडा केला, ते म्हातारीने एका वाक्यात उरकलं. पोरीने सात सुट्या डाळिंब्या मुठीत धरल्या, दुसऱ्या हाताने आधी 3 लिहिला, मग मूठ उघडून 7. त्यानंतर 73 मोठे की 37, हे सांगावंच लागलं नाही. सात ढीग आणि तीन ढीग समोर असले की कोणालाही दिसतं.

एकोणतीसही त्याच ताटात सुटलं. सुट्या सात बाजूला ठेवून तिसऱ्या ढिगातली एक डाळिंबी आईने पदराखाली लपवली. एक उणा, म्हणून एकोणतीस. मला स्वतःला ही फोड चाळिशीला आल्यावर कळली.

दुसरी गोष्ट सापशिडी. पण सोंगटी कशी मोजता त्याला महत्त्व आहे. 24 वर आहे आणि फाशावर 3 पडले, तर 'एक, दोन, तीन' म्हणत पुढे जायचं नाही, 'पंचवीस, सव्वीस, सत्तावीस' म्हणत जायचं. रॉबर्ट सिगलर आणि गीता रामाणी यांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला होता. 1 ते 10 घरांचा सरळ रेषेतला पट, दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, आणि घरातला आकडा म्हणत पुढे जायचं. एवढ्यावर मुलांची संख्यांची समज वाढलेली दिसली. त्याच मापाचा रंगांचा पट खेळलेल्या मुलांना मात्र तो फायदा झाला नाही. आपल्या सापशिडीत ओळ दर वेळी उलटी वळते, तेव्हा सुरुवातीला कोपऱ्यावर हाताला धरून वळवावं लागेल.

मुलं आणखी एक चूक हमखास करतात, उभं असलेलं घरच 'एक' म्हणून मोजतात. त्यावर तुमच्या दारातच औषध आहे. घणसोलीहून वाशीला जाताना विचारा, किती स्टेशनं पुढे जायचंय? ती घणसोली धरून पाच म्हणेल. मग गाडी हलल्यावर दर स्टेशनाला एक बोट दुमडायला लावा: कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. चार. दोन-तीन फेऱ्यांत तीच तुम्हाला टोकेल.

पैशांचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. आम्ही सुट्टे पैसे मोजत मोठे झालो. हल्लीच्या मुलांना फक्त मोबाईलचा 'टिंग' ऐकू येतो. आठवड्यातून एकदा तरी नोटा आणि नाणी घेऊन बाजारात जा आणि उरलेले पैसे तिला मोजून घ्यायला लावा. पाचचं एक नाणं दोनच्या दोन नाण्यांपेक्षा जास्त, हे पटायलाच आमच्याकडे आठवडा गेला होता. "पण ही तर दोन आहेत!" यावर ती ठाम होती.

अ‍ॅबॅकस, वैदिक गणित वगैरे पुढे हौस असेल तर बघा. बोटांवर मोजत असेल तर मोजू दे, हातावर फटका मारू नका. पाढे मला आवडतात, त्यांना ठेका असतो, पण बेचा पाढा चपलांच्या जोड्या मोजून झाल्यावर. शाळेने एक ते शंभर लिहून आणायला सांगितलं असेल तर लिहून टाका, त्यात जीव अडकवू नका. दिवसाला पंधरा मिनिटं भरपूर झाली, आणि तीही जेवणाआधी. आमच्या रडारडीचं अर्धं कारण झोप होतं, हे मला फार उशिरा कळलं.

या वयात आकडे उलटे पडणं नेहमीचंच आहे. दुसरी संपतानाही ढीग समोर असून कुठला मोठा ते कळत नसेल, तर मात्र शाळेच्या समुपदेशकांशी बोला.

उद्यापासून सुरू करणार असाल आणि घरी वाल नसतील तर चिंचोके घ्या. शेंगदाणे घेऊ नका, सदतीसपर्यंत पोचतच नाहीत.