रोज पाच किलोमीटर चालतो, मग डोंगरातल्या सुट्टीसाठी वेगळी तयारी लागते का?

तुम्ही लिहिलंय, डिसेंबरात चार दिवस तोरणमाळला मुक्काम, रोज एक दिवसभराची चाल. घरातले सगळे रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, तर वेगळी तयारी लागेल का आणि सॅक कोणती घ्यावी. लागेल. सपाटीवरचं चालणं ही डोंगराची तयारी नाही. हे मी तीन वर्षं घरात सांगतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही धुळ्याचे. माझे दाजी पहाटे पाचला उठून पांझरेच्या काठाने तासभर चालतात, थंडी असो की पाऊस. त्यांच्या नेमाबद्दल मला मनापासून आदर आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर दाजी, भाचा आणि मी चाळीसगावजवळ पाटणादेवीला तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी कन्हेरगड, दुसऱ्या दिवशी जंगलातून चढून पितळखोऱ्याची लेणी आणि त्याच वाटेने परत, तिसऱ्या दिवशी केदारकुंड, असा बेत. महिनाभर आधीपासून मी मागे लागलो होतो की दाजी, दर रविवारी लळिंगचा किल्ला चढू-उतरू. ते म्हणाले, "चालणं ते चालणं. त्याची काय शिकवणी लावायची?" बूटही निघायच्या आठवड्यातच घेतले, पायाला घट्ट बसणारे.

पहिला दिवस छान गेला. तिथेच माणूस फसतो. चढाला दम लागतो म्हणून सगळे चढाला घाबरतात, पण मांड्या मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, त्याचे बारीक तंतू दुखावतात, आणि ते त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं चढतं, तिसऱ्या दिवशीही राहतं. एका दिवसाची सहल असेल तर घरी येऊन पडता येतं. तुमच्यासारखी लागोपाठची चाल असेल तर त्याच मांड्या घेऊन पुन्हा डोंगरात जायचं असतं.

पितळखोऱ्याला पोचलो तेव्हा दाजी पायरीवर बसून मांड्या चोळत होते. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली ती लेणी, त्यांनी आत जाऊन पाहिलीही नाहीत. ताईने दिलेल्या दशम्या आणि ठेचा तसाच डब्यात राहिला. उतरायला लागलो तर पाय लटपटायला लागले, बोटं बुटाच्या टोकाला आपटत होती, टाचेला फोड येऊन फुटला होता. दर वीस पावलांवर बसत होते. चार वाजले, पाच वाजले. दिवाळीनंतर सहा म्हणजे अंधारच. शेवटचा टप्पा भाच्याच्या मोबाइलच्या उजेडात उतरलो, दाजींचा हात माझ्या खांद्यावर. देवळाजवळच्या दुकानातले बाबा धावत आले, "काय व्हयनं भाऊ?" आणि दाजी म्हणाले, "यानं रस्ता चुकवला."

मी तेव्हा गप्प बसलो, ते दमलेले होते. पण तीच गोष्ट त्यांनी धुळ्यात ताईला सांगितली, मग लग्नांत, हळदीत, सगळ्या पाहुण्यांत.

आता तुमचं. अजून दीड महिना आहे. दर रविवारी एक खरा डोंगर चढा आणि उतरा. जवळ नसेल तर सॅकेत पाणी भरून जिने उतरा, चढण्यापेक्षा उतरण्यावर भर द्या. एकदा उताराने दुखलेली मांडी पुढचे काही आठवडे तेवढी दुखत नाही, तयारीचा सगळा फायदा यातच आहे. निघायच्या आधी एकदा तरी शनिवार-रविवार लागोपाठ चाला. बूट अर्धा नंबर मोठे, आणि आत्तापासून वापरातले. नखं कापा. सुती मोजे घामाने भिजून फोड आणतात, ते नकोत. टाच गरम लागली की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा, फोडाची वाट बघू नका. वेळेचा हिशोब सकाळीच करा: पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. नायस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला हा ठोकताळा आहे. त्यात विश्रांती धरलेली नाही, म्हणून घरच्यांसोबत तो दीडपट धरा. पाणी माणशी तीन लिटर, सोबत मीठ-साखर. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे, हवा गार लागते, पण खाली सीताखाईच्या बाजूला उतरलात तर दुपारचं ऊन ऊनच असतं. टॉर्च प्रत्येकाकडे स्वतःची.

सॅक वीस-पंचवीस लिटरची, कमरेला पट्टा असलेली. त्यावर फार विचार करू नका.

एक राहिलं. गुडघा आधीच दुखत असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर जिन्यांचं हे माझ्या सांगण्यावरून सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि मी लिहिलंय ते कोरड्या दिवसांसाठी, पावसाळ्यातली वाट वेगळी.

आणि रस्ता चुकला नव्हता. गेल्या जानेवारीत भाच्याला घेऊन मी तीच वाट पुन्हा उतरलो, उजेड असताना देवळाशी पोचलो. त्याने घरी जाऊन दाजींना तसं सांगितलंही.