सोनोग्राफीच्या यंत्रात मेकॅनिकलवाल्याचं काय काम?

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोनोग्राफी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत डिझाईनची नोकरी मिळू शकते. पण मित्र म्हणतात, तिथे सगळं इलेक्ट्रॉनिक्स. मेकॅनिकलवाला नुसती कव्हरांची ड्रॉइंग काढत बसतो. खरं आहे का?

उत्तर : मुळीच नाही. मी प्रोब, म्हणजे सोनोग्राफी करताना डॉक्टर शरीरावर फिरवतात तो भाग, डिझाईन करते, म्हणून त्याबद्दलच सांगते. प्रोबच्या तोंडाशी पीझेडटी या सिरॅमिकचे बारीक तुकडे रांगेत असतात, पुष्कळ प्रोबमध्ये 128. वीज दिली की ते थरथरून ध्वनी सोडतात आणि तापतातही. मानकानुसार शरीराला टेकणारा भाग 43 अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. उष्णता मागे खेचली तर डॉक्टरांच्या हातातलं हँडल तापतं. ती कुठून न्यायची आणि कुठे पसरवायची, हे मेकॅनिकलवाल्यानंच सोडवायचं.

मला सगळ्यात आवडतं ते जोडकाम. सिरॅमिकवरचे थर आणि सिलिकॉनची लेन्स स्क्रूनं बसत नाहीत, चिकटवावी लागतात. चिकटवलेल्या थरात हवेचा बुडबुडा राहिला, तर तेवढ्या जागेतून ध्वनी पुढे जातच नाही. त्यामुळे त्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये सांभाळायची, आणि तीही प्रत्येक नगात.

शिवाय प्रोब दर पेशंटनंतर जंतुनाशकानं पुसला जातो. मोल्डिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिक साच्यात घालून घडवताना, ताण राहून गेला असेल, तर पॉलिकार्बोनेटसारखं दणकट प्लास्टिकही काही रसायनांनी तडकतं. भेगेतून ओल आत शिरली की प्रश्न थेट पेशंटच्या विद्युत सुरक्षेचा होतो. म्हणून प्लास्टिक निवडताना मी ताकदीचे आकडे नंतर बघते, आधी जंतुनाशकांची यादी मागते.

केबलला कमी लेखू नका. दिवसभर सोनोग्राफी करणाऱ्यांची मनगटं आणि खांदे दुखतात. ताठ, जड केबल त्यात भर घालते. ती मऊ केली तर हँडलपाशी वाकून आतल्या तारा तुटायची भीती. हा तिढा मला अजूनही पुरता सुटलेला वाटत नाही.

लिखापढी भरपूर असते. छोट्या बदलालाही आयएसओ 14971 या वैद्यकीय उपकरणांच्या मानकाप्रमाणे धोक्यांचा विचार नोंदवावा लागतो. त्याचा कंटाळा असेल तर हे क्षेत्र नको. मुलाखतीआधी इंजेक्शन मोल्डिंग आणि टॉलरन्स स्टॅक-अप (सुट्या भागांच्या मापांतले बारीक फरक जोडणीत कसे साठत जातात, त्याचा हिशेब) पक्के करा. ओळखीच्या रेडिओलॉजिस्टना विचारून, पेशंट नसताना, प्रोब हातात धरून बघा. केबल कुठे ओढते तेही बघा.