त्याला खेळू द्या

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या एनबीए बास्केटबॉल संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मोठ्या खेळाडूंच्या सहवासात बेंचवर ठेवावे की जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये पाठवावे, या पेचाने तुझी झोप उडाली आहे, हे पत्रावरून जाणवले. माझे उत्तर एकच आहे: जिथे त्याला सामन्यागणिक तीस मिनिटे मिळतील, तिथे त्याला खेळू द्या.

जर्मेन ओ'नील १९९६ मध्ये शाळेतून थेट पोर्टलंडच्या संघात आला आणि चार हंगाम अनुभवी खेळाडूंच्या मागे बसून राहिला. २००० मध्ये इंडियानाने त्याला घेऊन नियमित खेळवले आणि २००२ मध्ये तो ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्याची गुणवत्ता काही एका उन्हाळ्यात उगवली नव्हती. यानिस अँटेटोकुंपोला मिलवॉकीने २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या हंगामात संघाने ८२ पैकी केवळ १५ सामने जिंकले, आणि हरणाऱ्या संघात असल्यामुळेच त्याला मनसोक्त चुका करता आल्या.

मोठ्यांच्या सहवासात घडलेला खेळाडू म्हणून तू अँड्र्यू बायनमचा दाखला देतोस. लॉस एंजेलिस लेकर्सने त्याच्यासाठी करीम अब्दुल-जब्बार या जुन्या दिग्गज खेळाडूसारखा गुरू नेमला होता, हे खरे. पण पहिल्या हंगामात तो जेमतेम मैदानात उतरला, आणि शिकवलेले दिसू लागले ते पुढे मिनिटे वाढल्यावरच. गुरू हवाच, पण आधी त्याला खेळू द्या. व्हिडिओच्या खोलीत पिक-अँड-रोल (सहकाऱ्याच्या आडोशाने बचावपटूला चुकवण्याचा डाव) रोखतानाची चूक दाखवली की उंच मुलगा समजल्यासारखी मान हलवतो आणि त्याच रात्री पुन्हा एक पाऊल जास्त मागे सरकतो. ते पाऊल सुधारते ते समोरच्या संघातल्या, चेंडू हाताळणाऱ्या गार्डने डोळ्यांदेखत चार वेळा बास्केट केल्यानंतर.

'घाई कशाला' असे तुझे वरिष्ठ म्हणतात, याचा मला राग येतो. पहिल्या फेरीच्या करारात दोनच वर्षांची हमी असते आणि त्याला तिसऱ्या वर्षीही ठेवण्याचा पर्याय वापरायचा की नाही, हे संघाला दुसरा हंगाम सुरू होता होताच ठरवावे लागते. म्हणजे मुलाला वर्षभर बसवून ठेवायचे आणि मग त्याने काही दाखवले नाही म्हणून त्याला सोडून द्यायचे! माझ्या डोळ्यांसमोर एक गुणी मुलगा असाच घरी परतला. त्याच्यासाठी मी भांडलो, म्हणून त्या संघाने मलाही निरोप दिला. लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत. त्या मुलाची आठवण आली की आजही जीव तुटतो, पण माझे मत तसूभरही बदललेले नाही.

जी लीगमध्ये गेल्याने तुमच्या या खेळाडूचे वेतन कमी होत नाही, हे त्याच्या आईवडिलांना तू स्वतः समजावून सांग. खाली पाठवले म्हणजे टाकून दिले, असे त्यांना वाटत असेल. पुढच्या बैठकीला त्याच्या मिनिटांचा तक्ता घेऊन जा आणि तिसऱ्या वर्षाचा निर्णय तुम्ही कशाच्या आधारावर घेणार आहात, असे सरळ विचार. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नकोस, आणि काय ठरले ते मला कळव.

तुझा,
काका