रंग डोंगरावरून खाली उतरतो : कारुइझावाच्या फॉल कलर्सबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मुलगा टोकियोत आहे आणि आम्ही दोघं २४ ऑक्टोबरच्या सुमारास तिकडे पोचतोय. मुलाच्या मित्रांनी कारुइझावा सुचवलंय, म्हणे पानं बघायला तिथेच जा. पण यांचे गुडघे दुखतात, जास्त चढउतार जमत नाही. दोनच दिवस मिळतील. नक्की कुठे कुठे जायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काकू, तारीख अगदी मस्त निवडलीत. आणि काकांच्या गुडघ्यांची काळजी करू नका, कारुइझावा गाव स्वतः जवळजवळ १००० मीटर उंचीवर आहे पण आत मात्र बरंचसं सपाट, त्यामुळे डोंगरावर आल्याचा सगळा आनंद आणि चढ फारसा नाही. टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वा तासाच्या आसपास लागतो, फक्त बसताना बघा हं, 'आसामा' नावाची गाडी घ्या, 'कागायाकी' घेतलीत तर ती कारुइझावाला थांबतच नाही.

एक गोष्ट आधी सांगते म्हणजे बाकीचं सोपं जाईल. आपण सगळे विचारतो 'पीक कधी आहे', म्हणजे रंग ऐन भरात कधी, आणि मग त्या एका तारखेच्या आणि एका तळ्याच्या मागे लागतो. मीही पहिल्या वर्षी तेच केलं, ३ नोव्हेंबरच्या सुट्टीत गेले आणि अर्धा दिवस बसमध्ये ट्रॅफिकमध्ये बसून काढला, खिडकीतून पुढच्या गाडीचे टेललाइट्सच काय ते लाल दिसले. नंतरच्या वर्षांत कळलं की रंग एका दिवशी 'येत' नाही, तो डोंगरावरून खाली उतरतो. वर थंडी आधी पडते म्हणून वरची झाडं आधी रंगतात, मग गाव, मग घाटाखालचं जंगल, आणि या सगळ्याला महिनाभर लागतो. म्हणजे तुमची तारीख कुठलीही असो, तुम्ही फक्त उंची निवडायची.

तुमच्या तारखेला शिराइतोचा धबधबा आणि गाव अशी दोन्ही जमतील. शिराइतो म्हणजे पांढरे धागे. उंची फक्त ३ मीटर पण रुंदी ७० मीटर, आणि पाणी वरून नदीतून येत नाही, आसामा ज्वालामुखीच्या बाजूचं मुरलेलं पाणी जमिनीच्या थरातूनच शेकडो धारांनी बाहेर पडतं, त्यामुळे गढूळ कधी होत नाही. स्टेशनच्या उत्तरेकडच्या बाजूने बस मिळते, अर्ध्या तासाच्या आत पोचता, उतरून पाचेक मिनिटांची वाट, चढ अगदी हलका. काकांना जमेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि पहाटे म्हणजे खरंच पहाटे, कुमोबा तळं. छोटंसंच आहे, एक फेरी साधारण किलोमीटरभराची, पूर्ण सपाट. दहा वाजता तिथे सेल्फी स्टिक्सचंच जंगल असतं पण सहा-साडेसहाला पाण्यावर धुकं असतं, वारा नसतो, आणि काठावरचे मेपल पाण्यात उलटे असे स्वच्छ दिसतात की फोटो उलटा धरला तरी ओळखू येणार नाही. मी तिथे एकदा एक पान हातात घेऊन बघितलं, टोकं लालभडक, मधे केशरी, देठापाशी अजून हिरवंच होतं, एकाच पानात तो रंग कसा आत आत सरकतोय ते दिसत होतं. रात्री ८ अंशांच्या खाली थंडी आणि दिवसा लख्ख ऊन असलं की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं, आतला पिवळा आपोआप उघडा पडतो, आणि मेपलमध्ये अडकून राहिलेल्या साखरेपासून लाल तयार होतो. म्हणून सावलीतली फांदी पिवळट आणि उन्हातली लाल, हे एकाच झाडावर बघायला मिळतं, काकांना दाखवा.

जाड स्वेटर आणि कानटोपी घ्या, पहाटे हात गारठतात. स्टेशनला लागूनच मोठा आउटलेट मॉल आहे, मुलगा तिथे न्यायचा आग्रह करेल, संध्याकाळी अंधार पडल्यावर जा, ऊन असताना नको.

वेळ उरला तर उसुई पासवरचा व्ह्यू पॉइंट. हंगामात जुन्या बाजारपेठेच्या टोकापासून छोटी लाल बस वर जाते, तेव्हा चालायला नको. तिथून आसामा दिसतो, आणि नागानो-गुन्मा या दोन प्रांतांची हद्द तिथूनच जाते, जवळच्या देवळाच्या तर बरोब्बर मधून, एका पायरीवर एक पाय इकडे एक पाय तिकडे. तिथेच रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे. ते १९१६ साली कारुइझावाला आले होते. लाल पानांच्या मधे अचानक ती ओळखीची दाढी दिसते ना, तेव्हा परक्या देशात आपलं माणूस भेटल्यासारखं होतं, माझे तर डोळे भरून आले होते.

प्रश्न : मी टोकियोतच राहतो, ऑफिसमुळे १० नोव्हेंबरच्या आधी सुट्टी नाही. सगळे म्हणतायत कारुइझावा संपलं आता. खरंच संपलं का? चालायची तयारी आहे.
– एक वाचक, निशी-कासाई

उत्तर : अजिबात संपलेलं नाही! उलट तुझ्यासाठी तर मला सगळ्यात आवडती जागा शिल्लक आहे.

आधी गावाच्या आसपास काय उरतं ते सांगते. मेपल गळतात पण कारामात्सु, म्हणजे लार्च, तो उशिरा रंगतो. हा सूचिपर्णी असूनही पानं गाळणारा. डोंगरच्या डोंगर सोनेरी होतात, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की त्या बारीक सुया पावसासारख्या पडतात, आवाज न करता. घरी येऊन मफलर झटकला तर त्यातून मूठभर निघाल्या होत्या. स्टेशनजवळ सायकल भाड्याने घे आणि गावाबाहेरच्या लार्चच्या रस्त्यांवर नुसता फिर.

पण तू खरं तर उसुई घाटाखाली जा. ताकासाकीहून लोकल पकडून योकोकावा, म्हणजे कारुइझावाच्या पाचशेहून जास्त मीटर खाली, त्यामुळे तिथला रंग नोव्हेंबरच्या मध्याकडे असतो. योकोकावाहून जुन्या रेल्वेमार्गावर पायवाट केली आहे, 'आप्तो नो मिची', रूळ काढून गुळगुळीत केलेली, मधे बोगदे. साधारण पाच किलोमीटरवर मेगानेबाशी, शब्दशः चष्म्याचा पूल. १८९२ साली बांधलेला, सुमारे २० लाख विटांचा, चार कमानी, ३१ मीटर उंच. बोगद्यातल्या अंधारातून तू थेट पुलावर बाहेर येतोस आणि दोन्ही बाजूंना दरीभर लाल-पिवळं. विटांचा लाल वेगळा, पानांचा वेगळा, आणि पुलाखाली उभं राहून वर बघितलं की दोन्ही एकमेकांवर चढलेले दिसतात.

आपण मुंबई-पुण्याची माणसं आहोत म्हणून ही वाट आणखी जवळची वाटते. कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, तोवर आपण वडा घेतो, हो ना? इथे हुबेहूब तेच व्हायचं. आपला बोरघाट ३७ला १, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर चढ, हा उसुई घाट १५ला १, इतका उभा की १८९३ पासून १९६३ पर्यंत मधे दातेरी रूळ होता, त्यानंतर नव्या मार्गावर बँकर. ती इंजिनं लागेपर्यंत गाडी योकोकावाला थांबायची आणि फलाटावर लोक 'तोगे नो कामामेशी' घ्यायचे, मातीच्या भांड्यातला भात, १९५८ पासूनचा. १९९७ साली शिनकानसेन आली आणि घाटातली रेल्वे बंद झाली, पण भात अजून मिळतो. भांडं घरी नेता येतं, मी त्यात दही लावते.

परतीला उतार असला तरी चार वाजल्यानंतर दरीत ऊन राहत नाही, तेव्हा सकाळी लवकर निघ. आणि अस्वलांचा भाग आहे, पाठपिशवीला घंटा लाव.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. तिथे खाण्याचे हाल होतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हाल नाही होणार, पण विचारल्याशिवाय काही खाऊ नका. वर सांगितलेल्या भातात चिकन असतं. नुसते सोबा नूडल्स शाकाहारी दिसतात पण सोबतच्या रसात बहुतेक ठिकाणी माशाचा अर्क असतो. कारुइझावात मात्र एक सोय आहे, १८८६ साली ए. सी. शॉ हे कॅनडाचे मिशनरी तिथे आले आणि मग परदेशी लोकांचं उन्हाळी गाव झालं, त्यामुळे ब्रेड आणि फळांचे जॅम यांची दुकानं ढीगभर. ऑक्टोबरात नागानोचं सफरचंद असतं, एकेक पाव किलोचं, रसरशीत. उसुई पासवर 'चिकारा मोची' मिळते, चिकट तांदळाची, अक्रोडाची घ्या. बाकी थेपले आणि चटणी बॅगेत असू द्याच.

प्रश्न : इतका खर्च करून लांब कशाला जायचं? महाबळेश्वरला असं काही दिसत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ऑक्टोबरात नाही दिसत, कारण आपल्याकडे तेव्हा तेवढी थंडीच नसते. आपल्या सह्याद्रीतली बरीचशी झाडं पाणी कमी झालं म्हणून पानं टाकतात, थंडी पडली म्हणून नाही, त्यामुळे आपला लाल रंग गळणाऱ्या पानाचा नसून नव्या पालवीचा. फाल्गुनात कुसुंब बघा, अख्खं झाड कोवळ्या लाल पानांनी पेटल्यासारखं होतं, आणि शेजारी पळस फुललेला. देशातच शरदाचा रंग हवा असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत श्रीनगरला जा, निशात बागेतले चिनार आणि नसीम बाग. तिथे पडलेल्या पानांत चाललात की पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. आणि कुसुंबासाठी मार्चमध्ये एक रविवार आत्ताच राखून ठेवा, साताऱ्यातून तर सकाळी निघून संध्याकाळी घरी.