दोन छिद्रांसाठी दोन दिवस मोजमाप कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी आई ६४ वर्षांची आहे, जिन्यावरून घसरून डाव्या कुशीवर पडली आणि खुब्याच्या वाटीला फ्रॅक्चर झालंय. सर्जन म्हणाले हाड फार सरकलेलं नाही, मोठा छेद न घेता दोन छोट्या छिद्रांतून स्क्रू टाकू. पण दोन दिवस झाले, नुसतं सीटी आणि कॉम्प्युटरवर मोजमाप चाललंय, नातेवाईक म्हणतायत उशीर होतोय, दुसरीकडे हलवा. एवढं काय मोजतात? आणि न बघता टाकलेला स्क्रू सांध्यात घुसला तर?

उत्तर: ताई, आधी उशिराचं सांगतो. खुबा निखळला असेल तर तो लगेच जागेवर बसवावा लागतो, तिथे थांबून चालत नाही. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, आणि नुसत्या वाटीच्या फ्रॅक्चरला सहसा त्याच रात्री टेबलवर घ्यावं लागत नाही. हे दोन दिवस वाया जात नाहीयेत, या ऑपरेशनचा निम्मा भाग तर तिथेच होतो असं मी मानतो.

आता मोजतात काय ते. ही वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती खोबण, हाडाच्या दोन खांबांमध्ये बसलेली असते, पुढचा आणि मागचा, ही मांडणी फ्रान्सच्या ज्युडे आणि लेटुर्नेल यांनी १९६४ साली मांडली आणि आजही आम्ही फ्रॅक्चर त्यावरूनच ओळखतो. कुशीवर पडलेल्या वयस्क माणसांत बऱ्याचदा पुढचा खांब मोडतो. तो धरायला स्क्रू जातो जांघेजवळच्या हाडाच्या दांडीतून, म्हणजे प्युबिक रॅमसमधून, वाटीच्या डोक्यावरून वर मोठ्या हाडात. आणि गोम इथेच आहे, ही दांडी वाकडी असते आणि स्क्रू सरळ, त्यामुळे आतून सरळ जाणारी जी वाट मिळते ती हाड बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरीच अरुंद असते, बायकांमध्ये तर अजून बारीक, म्हणून एकाला ७.३ मिलिमीटरचा स्क्रू आरामात बसतो तर दुसऱ्याला ४.५ किंवा ३.५ वर यावं लागतं. हे अंदाजाने ठरवायचं नसतं.

म्हणून सीटीचे बारीक काप घेऊन खुब्याचं थ्रीडी चित्र करतात, स्क्रीनवर हाड पारदर्शक करून स्क्रूच्या दिशेने आरपार बघतात आणि चित्र थोडं थोडं फिरवत सगळ्यात रुंद सरळ वाट शोधतात. मग त्यात खोटा स्क्रू ठेवून बघायचं, सांध्यापासून किती लांब राहतो, सगळ्यात अरुंद जागी चारी बाजूंनी हाड किती उरतं, लांबी किती लागेल आणि मुख्य म्हणजे तो मोडलेली रेघ ओलांडून पलीकडचं घट्ट हाड पकडतो का. रेघेच्या अलीकडेच संपला तर तो स्क्रू काही धरत नाही.

वाटेत शेजारीही नाजूक आहेत. दांडीच्या पुढून मांडीच्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात, मागच्या बाजूवर कोरोना मॉर्टिस नावाची, दांडी ओलांडून जाणारी रक्तवाहिनी असू शकते, नावाचा अर्थच मृत्यूचा मुकुट, कारण ती तुटली तर रक्त थांबवणं अवघड. मागच्या खांबाचा स्क्रू बुडाच्या बसायच्या हाडातून वर जातो, तिथे बाहेरच्या अंगाला सायटिकाची नस असते. त्वचेवर छिद्र कुठे घ्यायचं हेही म्हणून आधीच ठरतं.

तुमची भीती रास्त आहे, पण ‘न बघता’ हा शब्द मला बरोबर वाटत नाही. आधी पातळ वायर घालतात आणि तिच्यावरून पोकळ स्क्रू सरकवतात, वायर पुढे जाताना सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनवर, दोन वेगवेगळ्या कोनांतून बघत राहतात. एका कोनात कळतं की ती सांध्याच्या वरून जातेय, दुसऱ्यात कळतं की हाडाच्या पुढून किंवा आतून बाहेर निघाली नाहीये. दोन्हीत आत दिसली तरच पुढे जायचं, एकात जरी शंका आली तर वायर काढून परत घालायची, वायरचं भोक लहान असतं त्यामुळे फार बिघडत नाही, स्क्रू चुकीचा गेला तर मात्र आधीच अरुंद असलेल्या हाडात दुसरी वाट उरत नाही. हे कोनसुद्धा माणसागणिक थोडे बदलतात, तेही सीटीवरून आधी काढून ठेवता येतात. आतड्यात गॅस असेल किंवा वजन जास्त असेल तर चित्र धूसर येतं, तशा वेळी सर्जन थांबले तर रागावू नका.

एक गोष्ट मात्र सर्जनना स्पष्ट विचारा, वाटीच्या आतल्या पृष्ठभागात पायरी, म्हणजे मोडलेल्या तुकड्यांमधला वर-खालीपणा, किती आहे. ती साधारण २ मिलिमीटरच्या आत असावी असं आम्ही बघतो. पायरी मोठी असेल आणि बाहेरून ओढून बसत नसेल, किंवा वाटीची मागची भिंत तुटून खुबा डळमळत असेल, तर छिद्रांचा हट्ट नको, उघडूनच नीट जुळवलेलं बरं.

आणि छिद्रं छोटी म्हणून आई चार दिवसांत पूर्ण वजन टाकून चालेल असं धरू नका, बऱ्याच पेशंटना त्या पायावर सहा ते बारा आठवडे वजन जपूनच टाकावं लागतं. तोवर वॉकर, आणि पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध एक दिवसही चुकवू नका.